संस्थेचे बळ कोणाच्या पैशाने?

मे २०२० मध्ये झाशी शहरातील इलाइट चौराहा ओस पडला होता. स्थानकाकडून, सीपरी बाजाराकडून आणि सिव्हिल लाइन्सकडून येणारी रहदारी जेथे एकमेकींना मिळते, मोर्चे, धरणी आणि पुतळादहने ज्याला नवी नाहीत, त्या चौकात टाळेबंदीमुळे चिटपाखरूही नव्हते. परंतु तेथून काही कोसांवर, शिवपुरी मार्गावरील रक्सा या सीमेवर, ट्रक, टेम्पो आणि मुंबईहून थेट निघालेल्या रिक्षा यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. महाराष्ट्र आणि गुजरातमधून गावी परतणारे हजारो मजूर तेथे अडकून पडले होते. १६ मे रोजी औरैया येथील अपघातात दोन डझनांहून अधिक मजूर चिरडले गेले. त्यानंतर पायी अथवा मालवाहू गाड्यांतून येणाऱ्यांना राज्यात शिरू देऊ नये असा आदेश उत्तर प्रदेश सरकारने काढला, आणि भर उन्हात, लहान मुले कडेवर घेऊन, माणसे सीमेवर ताटकळत राहिली.

त्यांना पाणी आणि शिजवलेले अन्न देण्यासाठी जे धावले त्यांत सामान्य नागरिक होते, गुरुद्वारे होते, तरुणांची मंडळे होती आणि लहानमोठ्या स्वयंसेवी संस्थाही होत्या. ज्या सरकारने चार तासांच्या सूचनेवर देश बंद केला, त्याच सरकारच्या नीती आयोगाने देशातील सुमारे ९२ हजार स्वयंसेवी संस्थांना पत्रे धाडून मदतीला पाचारण केले होते. संकट ओढवताच शासनाला या संस्थांची आठवण झाली. आणि त्या संस्थांत राबणाऱ्या माणसांचे काय? या प्रश्नाचे उत्तर चारच महिन्यांनी संसदेने दिले. ते उत्तर अजून पुरेसे वाचले गेलेले नाही असे आमचे मत आहे.

२३ सप्टेंबर २०२० हा दिवस वाचकांनी आठवावा. शेतीविषयक विधेयके रेटून संमत केल्याचा निषेध केला म्हणून राज्यसभेतील आठ सदस्यांना निलंबित करण्यात आले होते. त्यांत आपल्या पक्षाचे कॉ. एलमरम करीम आणि कॉ. के. के. रागेश हे दोघे होते. विरोधी पक्षांनी सभागृहावर बहिष्कार घातला होता. त्या रिकाम्या बाकांसमोर एकाच दिवशी दोन विधेयके संमत झाली. पहिले, परकीय योगदान (नियमन) कायद्यातील दुरुस्ती. दुसरे, औद्योगिक संबंध संहिता. वृत्तपत्रांनी पहिले विधेयक ‘संस्थांचे’ म्हणून एका पानावर छापले आणि दुसरे ‘कामगारांचे’ म्हणून दुसऱ्या पानावर. वस्तुतः ही दोन्ही विधेयके एकाच माणसाच्या पाठीवर पडलेले दोन आसूड होते.

पहिल्याचा आशय असा. परदेशातून आलेल्या देणगीतून संस्थेने प्रशासकीय कामासाठी किती खर्च करावा याची मर्यादा पूर्वी पन्नास टक्के होती, ती वीस टक्क्यांवर आणली गेली. प्रशासकीय खर्च म्हणजे काय, तर नियमांनुसार व्यवस्थापनातील माणसांचे पगार व प्रवास, कार्यालयाचे भाडे आणि डागडुजी, वीज, दूरध्वनी, टपाल, कागद-शाई, हिशेबनिसाचा मोबदला, वकिलाची फी, इतकेच काय, सरकारला पाठवावयाचे अहवाल लिहिण्याचा खर्चदेखील! म्हणजे सरकारने अहवालांची संख्या वाढवत न्यायची आणि ते लिहिणाऱ्याचा पगार कापत जायचे. शिवाय एका संस्थेने आपल्याला मिळालेले परदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळते करण्यास या दुरुस्तीने पूर्ण मनाई केली. दिल्ली-मुंबईतील मोठ्या संस्थांकडून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या लहान संस्थांपर्यंत जो ओघ पोहोचत असे तो त्यामुळे एका फटक्यात थांबला. बुंदेलखंडासारख्या मागास मुलखातील लहान संस्थेला परदेशी देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार कोण करून देणार? तिच्याजवळ असते एखादी खोली, दोन खुर्च्या आणि दहा-पंधरा गावे पालथी घालणारे पाचसहा कार्यकर्ते. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

परदेशी पैशाची तरफदारी करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याविषयी पुढे बोलूच. परंतु याच कायद्याची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय जनता पक्ष आणि काँग्रेस यांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या या कायद्याचा भंग करणाऱ्या असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्यावर सत्ताधाऱ्यांनी काय केले? २०१६ आणि २०१८ या दोन वर्षांच्या वित्त विधेयकांतून व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, तीही थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून, आणि बड्या पक्षांच्या देणग्या धुऊन काढल्या. खेड्यातील संस्थेच्या टपालखर्चावर मात्र वीस टक्क्यांची बेडी!

आता दुसऱ्या विधेयकाकडे वळू. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या सुप्रसिद्ध निकालाने ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती विस्तारली. जेथे मालक आणि नोकर यांच्या सहकार्याने पद्धतशीर काम चालते व सेवा पुरवली जाते, तेथे नफ्याचा हेतू नसला तरी तो उद्योगच होय, असे ठरले. त्यामुळे धर्मादाय संस्थेतील पगारी माणसालाही औद्योगिक कलह कायद्याचा दरवाजा उघडला. हा दरवाजा पुन्हा बंद करण्याची दुरुस्ती संसदेने १९८२ सालीच संमत केली होती, परंतु ती कधीच अंमलात आली नाही. जे काम अडतीस वर्षे अडले होते ते २३ सप्टेंबर २०२० रोजी पार पडले. नव्या संहितेने धर्मादाय, सामाजिक अथवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झालेली आहे. तेव्हा एका हाताने पगाराचा पैसा रोखला आणि दुसऱ्या हाताने पगारासाठी भांडण्याचा हक्क काढून घेतला. रक्सा येथे पातेल्यापाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला राष्ट्राने दिलेले हे पारितोषिक!

देशी भांडवलदारांचे औदार्य याहून वेगळे आहे काय? कंपनी कायदा, २०१३ मधील १३५ व्या कलमानुसार, ज्या कंपन्यांचा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा अधिक आहे, अथवा ज्यांची उलाढाल वा मत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे आहे, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे आणि अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला सुमारे तीस हजार कोटी रुपयांच्या घरात गेली आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण हा पैसा संस्थेकडे येतो तो ‘प्रकल्पा’च्या वेष्टनात. इतके बंधारे, इतकी शौचालये, इतक्या शिलाई यंत्रांचे वाटप, आणि ३१ मार्चला छायाचित्रांसह अहवाल. २०१४ च्या मूळ नियमांनी कंपनीच्या स्वतःच्या माणसांच्या आणि काम करणाऱ्या संस्थांच्या क्षमता-बांधणीवर मिळून एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२१ मध्ये नियम बदलले. आता ही पाच टक्क्यांची मर्यादा केवळ कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन-खर्चाला आहे. तरीही अनेक कंपन्यांचे अधिकारी तोच दंडक संस्थेच्या पाठीवर ठेवतात आणि तसा नियमच असल्याचे बजावतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. संस्थेने अडीअडचणीसाठी गाठीला चार पैसे बांधावेत हे कायद्याला मंजूर नाही. मात्र २८ मार्च २०२० रोजी निघालेल्या परिपत्रकाने याच पैशाचा पाट ‘पीएम केअर्स’ या निधीकडे बिनबोभाट वळवता आला. राज्यांच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला ती सवलत नाकारण्यात आली.

याचा परिणाम काय झाला तो आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले, सुना, भाचे अशा संस्थांत नोकरीस आहेत त्यांना सांगावा लागणार नाही. अकरा महिन्यांचे नेमणूकपत्र. पगाराला ‘मानधन’ हे नाव. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल ठरावीक. प्रकल्प संपला की माणूस संपला. सात-आठ वर्षे एकाच तालुक्यात काम केलेल्या, प्रत्येक वाडीची भांडणे, विहिरी आणि सावकार ठाऊक असलेल्या कार्यकर्त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या देणगीदाराच्या दुसऱ्या विषयावर, दुसऱ्या जिल्ह्यात उभे केले जाते. त्याने कमावलेले ज्ञान ना संस्थेपाशी राहते ना गावापाशी. शासन तरी काय करते? आशा सेविकेला २००५ पासून ‘स्वयंसेविका’ म्हणूनच राबवले जात आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्या, अशी शिफारस केली, ती आजही धूळ खात पडून आहे. बुंदेलखंडाच्या तेरा जिल्ह्यांसाठी नोव्हेंबर २००९ मध्ये ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर झाले. बंधारे झाले, गोदामे झाली, बाजारआवारे झाली आणि त्यांपैकी कित्येक ओस पडल्याच्या बातम्या पुढे वर्षानुवर्षे येत राहिल्या. वस्तूला पैसा आहे, ती चालवणाऱ्या माणसाला नाही, हे भांडवली विकासाचे सूत्र सरकारी पॅकेजातही आहे आणि खाजगी दानातही आहे.

या दुखण्याची जाणीव अलीकडे खुद्द देणगीदारांनाही झाली आहे. अमेरिकेतील फोर्ड प्रतिष्ठानने २०१५ च्या सुमारास शंभर कोटी डॉलरांचा एक कार्यक्रम जाहीर केला. संस्थांना अनेक वर्षांसाठी, कोणत्याही एका प्रकल्पाला न बांधलेला पैसा द्यावयाचा आणि त्यातून त्यांची अंतर्गत घडी बसवावयाची, असा त्याचा हेतू सांगितला गेला. आपल्याकडे एडलवाइस या वित्तसमूहाच्या प्रतिष्ठानने २०२१ मध्ये अनेक देणगीदारांना एकत्र आणून शंभर कोटी रुपयांचा निधी उभारला. शंभर तळच्या संस्था, चोवीस महिने, म्हणजे संस्थेमागे सरासरी एक कोटी. पगार, हिशेब, संगणक, प्रशिक्षण, राखीव निधी यांवर हा पैसा खर्च करण्यास मुभा होती. प्रत्यक्ष खर्च येतो तेवढा पुरता द्या, अशी मोहीम ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेनेही चालवली आहे.

या उपक्रमांची केवळ टर उडवणे सोपे आहे. तसे करणे आम्हाला योग्य वाटत नाही. जो हिशेबनीस सहा महिने पगाराविना बसला आहे त्याला पगार मिळाला तर ते बरेच झाले. तो पगार कोणाच्या तिजोरीतून आला याचा निवाडा त्याच्या उपाशी मुलांच्या डोक्यावर बसून करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दोन वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याहून मोठा प्रश्न आहे तो ‘क्षमता’ या शब्दाचा. कसली क्षमता आणि कोणासाठी? अशा पैशातून सर्वप्रथम जे बळकट होते ते संस्थेचे देणगीदाराकडे असलेले तोंड. इंग्रजी अहवाल सुबक होतात, तक्ते भरले जातात, पुढच्या देणगीसाठी अर्ज करणारी स्वतंत्र शाखा निघते, नेतृत्व-विकासाची शिबिरे शहरातील उपाहारगृहांत भरतात, आणि सल्लागार नावाचा एक नवा मध्यस्थ वर्ग त्यावर पोसला जातो. गावाकडे असलेले तोंड, म्हणजे सभा घेण्याची, जमिनीचा उतारा वाचण्याची, तहसीलदाराला जाब विचारण्याची, मजुरीचा हिशेब लावण्याची क्षमता, यांतून वाढेलच असे नाही. ती वाढली तर देणगीदाराला ती मानवेलच असेही नाही.

क्षमता म्हणजे काय हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने झाशीहून माणिकपूरकडे जाणारी गाडी धरावी आणि चित्रकूट जिल्ह्यात उतरावे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तेव्हाच्या बांदा जिल्ह्याच्या त्या भागात, ‘महिला समाख्या’ या सरकारी कार्यक्रमाखाली दलित आणि कोल समाजातील, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या या स्त्रियांनी पान्हे हाती घेतले, जड लोखंडी नळ्या उपसल्या आणि बंद पडलेले पंप चालू केले. ज्या पंपाला त्यांनी हात लावल्यास विटाळ होत असे, तो पंप बिघडला की त्यांनाच बोलावणे येऊ लागले. त्याच प्रक्रियेतून ‘वनांगना’ ही संस्था जन्मली. अक्षरओळख पक्की राहावी म्हणून निघालेल्या ‘महिला डाकिया’ या पत्रकाच्या परंपरेतून पुढे २००२ मध्ये कर्वी येथे, दिल्लीच्या ‘निरंतर’ या संस्थेच्या साहाय्याने, ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतील वृत्तपत्र निघाले. दलित आणि ग्रामीण स्त्रिया त्याच्या वार्ताहर, संपादक आणि विक्रेत्याही होत्या. २००९ साली युनेस्कोचे किंग सेजोंग साक्षरता पारितोषिक या कामाला मिळाले. येथे खर्च झाला तो माणसांवर. त्याला कोणी ‘प्रशासकीय’ म्हणून हिणवले असते तर पंपही दुरुस्त झाले नसते आणि वृत्तपत्रही निघाले नसते. हेही नोंदले पाहिजे की यातील मूळ कार्यक्रम सार्वजनिक पैशातून, शिक्षण खात्यामार्फत चालला होता, आणि तोच ‘महिला समाख्या’ कार्यक्रम केंद्र सरकारने २०१६ मध्ये गुंडाळला.

महाराष्ट्राला या विषयात नव्याने काही शिकण्यापेक्षा बरेचसे आठवावयाचे आहे. अंताजी दामोदर काळे हे गृहस्थ गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करीत. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला आणि काचकामाचे शिक्षण घेऊन तेथून कारागीर बाहेर पडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिची वसतिगृहे घरोघरच्या मूठभर धान्यावर चालली. त्या मुठीचे मोल धान्यापुरतेच नव्हते. ज्या बाईने मूठ बाजूला काढली तिला आपला पोरगा वसतिगृहात काय खातो हे विचारण्याचा हक्क मिळाला. दानशूर श्रीमंताने एकरकमी धान्याची वखार भरून दिली असती तर हा हक्क वखारीच्या मालकाकडे गेला असता. केरळच्या शास्त्र साहित्य परिषदेचे उदाहरणही आपल्या वाचकांना परिचित आहे. १९६२ पासून काम करणारी ही संघटना परदेशी पैसा नाकारून, सभासदांच्या श्रमावर आणि स्वतः छापलेल्या पुस्तकांच्या विक्रीवर उभी राहिली.

आणि एक नाव. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्या होत्या गोदावरी गोखले, म्हणजेच आपल्या कॉ. गोदावरी परुळेकर. कॉ. शामराव परुळेकरही त्याच संस्थेत होते. संस्था प्रामाणिक होती, शिस्तीची होती, कार्यकर्त्याच्या निर्वाहाची काळजी वाहणारी होती. तरीही शेतकरी-कामकऱ्यांच्या लढ्याची वेळ आली तेव्हा दोघांना तिच्या बाहेर पडून १९३९ मध्ये कम्युनिस्ट पक्षात यावे लागले, आणि १९४५ चे वारली आदिवासींचे बंड किसान सभेच्या झेंड्याखाली उभे राहिले. संस्था चांगली असूनही तिच्या मर्यादा कोठे पडतात, हे यावरून दिसते.

येथे आपल्या स्वतःच्या भूमिकेविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. १९८४ साली ‘द मार्क्सिस्ट’ या त्रैमासिकात कॉ. प्रकाश करात यांनी परदेशी पैशावर चालणाऱ्या कृतिगटांचे विश्लेषण केले आणि त्यांना साम्राज्यवादी डावपेचांतील एक घटक म्हटले. राज्यसंस्थेने जबाबदारी झटकावी, जनतेचा असंतोष तुकड्यातुकड्यांत विखुरला जावा आणि वर्गसंघटना दुर्बळ व्हाव्यात, हे त्या पैशाचे वस्तुगत कार्य होते, आणि तो इशारा पुढील दशकांनी खोटा ठरवलेला नाही. अमेरिकेच्या सरकारने २०२५ च्या जानेवारीत परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ पासून ‘यूएसएड’ ही यंत्रणाच बंद केली, तेव्हा आफ्रिका-आशियातील हजारो दवाखाने आणि संस्था एका सहीने कोलमडल्या. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभारलेल्या बळाचे आयुष्य किती असते याचा हा ताजा पुरावा होय.

परंतु त्या विश्लेषणातून आपल्यापैकी काहींनी भलताच अर्थ काढला. संस्थेवरील टीका त्यांनी संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाविषयीच्या तुच्छतेत रूपांतरित केली. ‘तो काय, एनजीओवाला!’ या एका वाक्यात आपण आपल्याच वर्गातील कितीतरी तरुण, विशेषतः तरुणी, दूर लोटल्या. गिरणीमालकावर टीका करताना आपण गिरणीकामगाराला कधी शत्रू मानले नाही. मग येथेच का? शिवाय आज हुकूमशाही वृत्तीचे सरकार जो वरवंटा फिरवत आहे तो साम्राज्यवादविरोधातून नव्हे. वीस हजारांहून अधिक संस्थांची परकीय योगदानाची नोंदणी रद्द झाली. ऑक्सफॅम इंडियाचे नूतनीकरण नाकारले गेले, दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची नोंदणी २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली. प्रश्न विचारणाऱ्या संस्थांचे श्वास कोंडायचे आणि थेट परकीय भांडवलाला मात्र लाल गालिचे अंथरायचे, याला स्वदेशाभिमान म्हणणे ही शुद्ध मखलाशी आहे. आपला विरोध पैशाच्या वर्गीय हेतूला आहे. संशयाच्या राज्याला आपण दुजोरा देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण कार्यालयाबाहेर सहसा बोलत नाही. स्वतःच्या अंतर्गत बळाची हेळसांड आपल्याही जनसंघटनांत आहे. पूर्णवेळ कार्यकर्त्याचा निर्वाहभत्ता तीन-तीन महिने थकतो आणि त्याला आपण त्याग हे नाव देतो. तालुका कार्यालयाची सभासदवही अर्धवट लिहिलेली असते. जमाखर्च एका कॉम्रेडच्या खिशातील डायरीत असतो, आणि तो कॉम्रेड आजारी पडला की समितीचा हिशेबही अंथरुणाला खिळतो. प्रशिक्षणवर्ग निवडणुकीआधी घाईघाईने उरकले जातात. ज्या प्रशासकीय खर्चावर सरकारने मर्यादा घातली म्हणून आपण निषेध करतो, तोच खर्च आपण आपल्या घरात अनावश्यक चैन समजत आलो आहोत. निवडणूक रोख्यांचा पैसा आपल्या पक्षाने नाकारला, त्याविरुद्ध न्यायालयात गेला, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण बड्यांचा पैसा नाकारणाऱ्याला लहानांचा पैसा अधिक काटेकोरपणे गोळा करावा लागतो आणि अधिक काटेकोरपणे लिहून ठेवावा लागतो. मार्च २०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चमध्ये हजारो शेतकरी आपापल्या गावचे तांदूळ आणि जळण गाडीत घालून निघाले होते. कोणत्या गावाचे धान्य किती, कोणाची चूल कोठे, याचा चोख हिशेब सामान्य आदिवासी कार्यकर्त्यांनी सांभाळला. ही क्षमता कोणत्याही निधीतून आलेली नव्हती. ती वर्षानुवर्षांच्या सभासदनोंदणीतून आणि गावसभांतून घडली होती. ज्या जिल्ह्यांत अशी नोंदणी कागदोपत्रीच आहे, तेथे तसा मोर्चा निघाला नाही, हेही आपण जाणतो.

यासाठी आमच्या मते पुढील मागण्या उघडपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. परकीय योगदान कायद्यातील वीस टक्क्यांची मर्यादा रद्द व्हावी, आणि गावात फिरणाऱ्या माणसाचा पगार हा कामाचाच खर्च मानला जावा. लहान संस्थांना अनुदान वळते करण्यावरील सरसकट बंदी उठवून तिच्या जागी खुल्या हिशेबाची सक्ती यावी. कंपन्यांच्या दोन टक्क्यांतून कायम निधीला दिलेली रक्कम ग्राह्य धरली जावी, आणि तिच्या वापरावर देणगीदाराचा अंकुश नसावा. औद्योगिक संबंध संहितेतील धर्मादाय संस्थांची सूट काढून टाकली जावी. आणि पाणी, आरोग्य, शिक्षण ही कामे शासनाची आहेत, तेव्हा ती करणाऱ्या आशा, अंगणवाडी आणि इतर योजना-कर्मचाऱ्यांना शासनाने कामगार म्हणून मान्य करावे. शेवटची मागणी मान्य झाली तर पहिल्या चारांचा बराचसा भार आपोआप हलका होईल.

संस्थाचालकांपैकी जे प्रामाणिक आहेत त्यांनाही आमचे सांगणे आहे. आपला जमाखर्च देणगीदाराला इंग्रजीत पाठवण्याआधी तो गावाच्या चावडीवर गावाच्या भाषेत वाचून दाखवा. ज्यांच्यासाठी काम करता त्यांना सभासद करा, त्यांच्याकडून वर्गणी घ्या, मग ती वर्षाला दहा रुपये का असेना, आणि कार्यकारिणीत त्यांना बसवा. आपल्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली तर तो संस्थेवरचा डाग समजू नका.

सिटूच्या व किसान सभेच्या जिल्हा समित्यांनी आपापल्या जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांत किती स्त्री-पुरुष कोणत्या नेमणुकीवर काम करतात, त्यांना प्रत्यक्ष हातात काय पडते, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, आणि गेल्या दोन वर्षांत प्रकल्प संपल्यामुळे किती जण घरी बसले, याची माहिती गोळा करण्यास आरंभ करावा. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील मराठी भाषक कॉम्रेडनी झाशी, ललितपूर, टीकमगड या पट्ट्यापासून सुरुवात केल्यास सोयीचे होईल. रक्सा येथे त्या मे महिन्यात अन्न वाटणाऱ्या तरुणांपैकी आज किती जण त्याच कामात टिकले आहेत आणि किती जणांनी स्वतःच मुंबई-सुरतेची गाडी धरली, हा त्या चौकशीतील पहिला प्रश्न असावा.